सात चलानं, आठ हजार रुपये आणि हातात पैसे नाहीत: ई-चलान फेडण्याचा काही महिन्यांचा अनुभव

गाडीवर चलान थकलंय आणि भरायला पैसे नाहीत, अशा घरांसाठी हे लिहितेय. मी सांगलीची. विश्रामबागच्या आसपास आणि कुपवाड एमआयडीसीत डबे पोचवते, त्यामुळे स्कूटर बंद तर घर बंद. गेले काही महिने वाहतूक पोलिसांचं महाट्रॅफिक ॲप, तक्रारीची सोय, लोकअदालत, मोफत वकील आणि शेवटी न्यायालय, हे सगळं वापरून झालं. माझं मत आधीच सांगते. पैसे नसले तरी यातून वाट निघते, पण ती कुणी आपणहून दाखवत नाही. एकूण आकडा बघून हातपाय गाळण्यापेक्षा एकेक चलान वेगळं काढून बघितलं की काम सोपं होतं.

गाडी माझ्या नावावर आहे. चालवतो आम्ही तिघं, मी, आमचे हे आणि भाऊजी. आरटीओच्या नोंदीत जुना मोबाईल नंबर होता, म्हणून मेसेज आमच्यापर्यंत येतच नव्हते. कॉलेज कॉर्नरला पोलिसांनी गाडी थांबवून यंत्रात नंबर टाकला तेव्हा कळलं, आठ हजार बाकी. हेल्मेटची दोन, पाचशे-पाचशेची. गणपती पेठेतल्या नो पार्किंगची दोन, पहिलं पाचशेचं आणि दुसरं दीड हजाराचं, कारण डिसेंबर 2021 पासून महाराष्ट्रात जे वाढीव दर आहेत त्यात तोच गुन्हा पुन्हा झाला की पाचशेचे पंधराशे होतात. ट्रिपल सीटचं एक हजाराचं. विमा संपलेला होता त्याचं दोन हजारांचं. आणि वेगमर्यादा ओलांडल्याचं दोन हजारांचं एक, तेही दुसऱ्याच जिल्ह्यातल्या हायवेवरचं.

ॲपमध्ये गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की सगळी यादी येते. प्रत्येक चलानाची तारीख, जागा आणि बहुतेक ठिकाणी फोटोही. हा फोटो उघडून बघणं हे पहिलं काम. वेगाच्या चलानातल्या फोटोत पांढरी चारचाकी होती. नंबर आमच्यासारखाच, फक्त एका आकड्याचा फरक, आठचा तीन वाचला गेलेला. आमची स्कूटर त्या रस्त्याला कधी गेलेलीच नाही. ॲपमधूनच तक्रार टाकली, सोबत आरसीचा फोटो आणि गाडीचा पुढून-मागून फोटो जोडला. उत्तर यायला काही आठवडे लागले, पण चलान रद्द झालं. दोन हजार असेच वाचले. घरातल्या सगळ्यांचं म्हणणं होतं, भरून टाक, कशाला पोलिसांच्या नादी लागतेस. मी म्हणेन, आपलं नसलेलं चलान भरू नका. गरिबाला दोन हजार म्हणजे महिन्याचं किराणा सामान असतं.

त्यानंतर जे केलं ते अनेकांना उलटं वाटेल. दंडाचा एक रुपया भरायच्या आधी मी विमा काढला. 75 ते 150 सीसीच्या दुचाकीला फक्त थर्ड पार्टी विम्याचा मूळ हप्ता 2022 पासून वर्षाला 714 रुपये आहे, वर जीएसटी. विम्याशिवाय पुन्हा सापडलो असतो तर दोनाचे चार हजार झाले असते. शिवाय कुणाला धक्का लागला असता तर भरपाई आमच्या अंगावर आली असती, आणि ती कितीची असेल याला माप नाही. हातात हजारच रुपये असतील तर ते जुन्या दंडाला न घालता आधी विम्याला घाला, हे मी अगदी ठामपणे सांगते. मग हेल्मेट घेतलं. जुनं ओझं फेडताना नवं चढत राहिलं तर फेडण्याला अर्थ नाही.

ॲपमध्ये एका चलानाचे हप्ते पाडता येत नाहीत. पण सगळी चलानं एकदम भरायची सक्तीही नाही. यादीतलं हवं ते निवडून तेवढंच भरता येतं. आमचे डब्यांचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला येतात. तेव्हा एक पाचशेचं भरायचं, पुढच्या महिन्यात दुसरं. हेल्मेटची दोन्ही आणि पार्किंगचं पहिलं असं फिटलं. पावती लगेच डाउनलोड करून ठेवते.

मग लोकअदालतीची सूचना आली. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून काही ठरलेल्या दिवशी भरते, आणि दावा दाखल होण्याआधीच चलानाची प्रकरणं तिथे ठेवतात. आमच्याकडे विजयनगरच्या जिल्हा न्यायालयात. गर्दी प्रचंड होती, तरी पॅनलवरचे लोक शांतपणे ऐकून घेत होते. कोर्ट फी लागत नाही, आणि एकदा तडजोड झाली की ती अंतिम, त्यावर अपील नाही. मात्र अर्धी रक्कम माफ होते असं ऐकून जाल तर निराश व्हाल. सूट मिळेलच असं नाही, मला तर मिळाली नाही. ट्रिपल सीटचे हजार रुपये तिथे भरून मोकळी झाले. पार्किंगचं दुसरं आणि विम्याचं असे उरलेले साडेतीन हजार त्या दिवशी माझ्याकडे नव्हते. तडजोड दोन्ही पक्षांच्या संमतीनेच होते, त्यामुळे ती दोन प्रकरणं मी तिथे मिटवली नाहीत. ती पुढे नेहमीच्या न्यायालयात जातात.

इथे लोक घाबरतात, मीही घाबरले होते. कोर्ट म्हटलं की वकिलाची फी दंडापेक्षा मोठी, हेच डोक्यात. पण त्याच इमारतीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, प्रत्येक जिल्ह्यात आहे, आणि तालुक्याला समिती असते. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा आहे. त्याच्या कलम 12 प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, कारखान्यातले कामगार यांनाही. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे, महाराष्ट्रात वर्षाला तीन लाख. गाडी माझ्या नावावर होती याचा इथे खरा उपयोग झाला. साध्या कागदावर अर्ज, आधार आणि चलानाच्या प्रती, एवढंच लागलं. कुठे जायचं कळत नसेल तर 15100 या नंबरवर फोन करा, तो विधी सेवेचाच आहे.

मिळालेल्या वकीलबाई तरुण होत्या. त्यांनी पहिल्याच भेटीत जे सांगितलं ते मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. न्यायालयाने फक्त दंडाची शिक्षा दिली, न भरल्यास कैद असं म्हटलं, आणि माणसाला लगेच भरणं शक्य नसलं, तर न्यायालय तीस दिवसांपर्यंत मुदत देऊ शकतं किंवा दोन-तीन हप्ते पाडून देऊ शकतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 464. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही हीच तरतूद कलम 424 मध्ये होती, म्हणजे नवी मेहेरबानी नाही. समन्स आल्यावर आम्ही तारखेला हजर राहिलो. गुन्हा कबूल केला, कारण तो झालेलाच होता. नवा विमा दाखवला, डब्यांच्या हिशोबाची वही दाखवली आणि हप्ते मागितले. दंड चलानाएवढाच लागला, पण तीन हप्त्यांत. मुचलक्यावर सही करून घेतली. मागितल्याशिवाय हे मिळत नाही, म्हणून तोंड उघडून मागा. आणि समन्स आल्यावर गैरहजर अजिबात राहू नका. पैशाअभावी अडलेलं साधं प्रकरण वॉरंटपर्यंत जातं ते गैरहजर राहण्यानेच.

मधल्या काळात एका खासगी सेवा केंद्रात ‘आतून मिटवून देतो’ म्हणून पाचशे मागितले होते. दिले नाहीत. असं मिटत नसतं. व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके फाइलही आली होती, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल. ती उघडायची नाही. तिने बँक खातं रिकामं होऊ शकतं. ई-चलानाच्या सरकारी संकेतस्थळाचा पत्ता जीओव्ही डॉट इन असाच संपतो. फसवणूक झालीच तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. आणखी एक, पोलिसांची चलानं महाट्रॅफिकवर दिसतात, आरटीओच्या वायुवेग पथकाने, म्हणजे रस्त्यावर गाड्या तपासणाऱ्या पथकाने, केलेली परिवहनच्या ई-चलान संकेतस्थळावर. दोन्हीकडे बघा, नाहीतर एकीकडे शून्य बघून समाधान मानाल आणि गाडी विकायच्या वेळी दुसरं पुढे येईल.

या व्यवस्थेत मला मनापासून खटकतं ते एकच. हप्त्यांची सोय कायद्यात आहे, पण ती मिळायला माणसाला आरोपी म्हणून न्यायालयात उभं राहावं लागतं. वीजबिलाला हप्ते मिळतात, मग पाचशे-हजाराच्या चलानाला ॲपमध्येच ती सोय का नको? दंड असावा. हेल्मेट, विमा हे नियम आमच्याच जिवासाठी आहेत. पण दिवसाला चार-पाचशे कमावणाऱ्या बाईला आणि मोठ्या गाडीवाल्याला दीड हजाराचं ओझं सारखं नसतं, आणि जो भरायला तयार आहे त्याला भरता येईल असं काहीतरी हवं.

दोन हप्ते गेलेत, तिसरा पुढच्या महिन्यात. आरसीवरचा मोबाईल नंबर परिवहनच्या संकेतस्थळावर बदलून घेतलाय, आता मेसेज माझ्याच फोनवर येतो. भाऊजी गाडी नेताना हेल्मेट आणि विम्याची प्रत दोन्ही घेऊनच बाहेर पडतात.