पुस्तक छापून देतो म्हणणाऱ्यांना पैसे भरायच्या आधी हे वाचा (काकांचे ऐंशी हजार गेले)

गोव्यात मराठीत लिहिणारी जी मोठी मंडळी आहेत, निवृत्त शिक्षक, भजनी मंडळातले, पेपरच्या रविवार पुरवणीत वर्षानुवर्षं लेख देणारे, त्यांच्या फेसबुकवर हल्ली एक जाहिरात सारखी येते. तुमचं हस्तलिखित पाठवा, आमची संपादकीय समिती निवडलेली पुस्तकं जगभर प्रकाशित करते वगैरे. आमच्या काकांचे जवळजवळ ऐंशी हजार रुपये या जाहिरातीपायी गेलेत म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. थोडं लांबेल पण घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा प्लीज.

काका डिचोलीत शाळेत मराठी शिकवायचे. आजूबाजूच्या वाड्यांवर पौषात धालो घालतात त्यातली गाणी त्यांनी कित्येक वर्षं जमवली, म्हणजे खरं तर त्यांनी आणि काकीने, कारण धालो म्हणजे बायकांचा खेळ, मांडावर, म्हणजे तो खेळतात त्या जागी, पुरुषांना काय काम, त्यामुळे अर्ध्याहून जास्त गाणी काकीने रात्री तिथे बसून ऐकून घरी आल्यावर उतरवलेली. ज्यांच्या तोंडून ती घेतली त्यातल्या बऱ्याच जणी आता नाहीत. हे सांगतेय कारण पुढे करारात या गाण्यांचं काय केलं ते वाचून माझा जीव नुसता जळतोय.

आधी कसं होतं, तर म्हापशाच्या नाहीतर पणजीच्या प्रेसमध्ये वही नेऊन द्यायची, डीटीपीवाली मुलगी टाइप करायची, प्रूफं घरी यायची, मालक ओळखीचा, काही चुकलं तर जाऊन समोर उभं राहता यायचं. पैसे त्यातही जायचेच आणि पाचशे प्रतींतल्या निम्म्या घरीच पडून राहायच्या. आता पेपरांची पानं कमी झालीत, काकांचे लेख पूर्वीसारखे लागत नाहीत, लोक सकाळी व्हॉट्सॲपवर आलेली ई-पेपरची पीडीएफ चाळतात आणि सोडून देतात. अशा वेळी कुणीतरी फोनवर आदराने 'सर, सर' करत म्हणतं की तुमचं पुस्तक किंडलवर, म्हणजे अमेझॉनच्या ईबुकांत, येईल, दुबई-लंडनच्या गोवेकरांना त्याच दिवशी वाचता येईल, तर माणसाला बरं वाटणारच. आणि यात खोटं असं काहीच नाही हो! किंडलवर मराठी पुस्तकं २०१६ च्या डिसेंबरपासून आहेत. फसवणूक आहे ती त्याच्या पुढे.

हस्तलिखित पाठवलं आणि दुसऱ्याच दिवशी निवड झाल्याचा ईमेल. काकांनी मला फोन केला, अगो, निवड झाली बघ. एवढं मोठं हस्तलिखित एका रात्रीत कोण वाचतं? मग पॅकेज, २४,९९९ रुपये, त्यात संपादन, मुखपृष्ठ, ईबुक, २५ प्रती. ते भरल्यावर मग एकेक सुरू झालं. आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकावर छापतात त्या ओळख नंबराचे, ६,०००. कॉपीराइट नोंदणीचे ७,५००. इंटरनॅशनल डिस्ट्रिब्यूशन १५,०००. बेस्टसेलर प्रमोशन २०,०००. आणि शेवटी कुठलासा साहित्य पुरस्कार जाहीर झाला त्याच्या ट्रॉफीचे आणि सर्टिफिकेटचे ५,०००. प्रत्येक वेळी फोन करणारी व्यक्ती वेगळी आणि प्रत्येक वेळी 'आज शेवटची तारीख आहे सर'.

आता यातल्या एकेका गोष्टीचे खरे पैसे किती ते बघा. आयएसबीएन भारतात फुकट मिळतो. केंद्राच्या शिक्षण खात्याखाली राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी आहे, ती देते, अर्ज ऑनलाइन करायचा, लेखक स्वतःच्या नावानेही करू शकतो, फी शून्य. कॉपीराइटचं म्हणाल तर ती नोंदणी सक्तीची नाहीच, लिहिलं की हक्क तुमचा, लेखक गेल्यावर पुढची ६० वर्षं वारसांचा. तरी नोंदणी करायची असली तर साहित्यकृतीला सरकारी फी ५०० रुपये. काकांना सर्टिफिकेट म्हणून जो कागद पाठवला तो नुसता अर्ज दाखल झाल्याचा डायरी नंबर होता, त्यानंतर हरकतींसाठी महिनाभर थांबायचं असतं, मग तपासणी, आणि मग कुठे नोंदणी होते.

अमेझॉनच्या केडीपीवर, म्हणजे लेखकाला स्वतःच पुस्तक प्रकाशित करता येतं त्या साइटवर, ईबुक चढवायलाही एक पैसा लागत नाही, आणि इंटरनॅशनल डिस्ट्रिब्यूशन म्हणजे तिथे सगळ्या देशांच्या पर्यायावर एक टिक करायची, त्याचे हे पंधरा हजार! रॉयल्टी तिथे ३५ किंवा ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर ७० हवी तर केडीपी सिलेक्टमध्ये पुस्तक घालावं लागतं, मग ९० दिवस ते ईबुक दुसरीकडे कुठे देता येत नाही. बेस्टसेलरचं तर ऐकाच. ती यादी प्रत्येक कॅटेगरीची वेगळी असते आणि दिवसातून कितीतरी वेळा बदलते, म्हणजे जिथे पुस्तकंच थोडी आहेत अशी बारीकशी कॅटेगरी निवडायची, ईबुक ४९ रुपयांवर आणायचं, एकाच सकाळी आपल्याच माणसांकडून थोड्या प्रती घ्यायच्या की पुस्तक पहिल्या नंबरावर, लगेच स्क्रीनशॉट काढायचा. काकांकडे तो स्क्रीनशॉट आहे, फ्रेम करून पाठवलाय त्यांनी.

ईबुक मी उघडून बघितलं तेव्हा पहिल्याच गाण्याला थांबले. काकांची फाइल जुनी, श्रीलिपी या जुन्या मराठी फाँटात टाइप केलेली. ती युनिकोडमध्ये, म्हणजे आता फोन-कॉम्प्युटरवर सगळीकडे चालतं त्या टायपात, आणताना कन्व्हर्टर अक्षरं हमखास बिघडवतो, त्यानंतर माणसाने बसून ओळ न् ओळ तपासावी लागते, तेच खरं काम असतं आणि संपादनाचे पैसे त्याचेच घेतले होते. इथे वेलांट्या भलत्याच अक्षराला चिकटलेल्या, रफार उडालेले, 'सूर्य'चं सगळीकडे 'सूय' झालेलं, दोन गाणी एकमेकांत मिसळलेली. पुढे कुणी धालोवर अभ्यास करणारी मुलगी यातूनच उतरवून घेईल आणि हेच बरोबर समजेल, या विचाराने काकी रडली.

विक्रीचा खोटेपणा मात्र आम्ही पकडला. छापील पुस्तक १३६ पानांचं आणि किंमत ४९९, कोण घेणार? म्हणून आमच्याच घरच्यांनी घेतल्या, मी घेतल्या, दुबईच्या चुलतभावाने आणि त्याच्या मित्रांनी ईबुक घेतलं, सगळ्यांच्या ऑर्डरच्या पावत्या मी जमवून ठेवल्या. तिमाहीचं रॉयल्टी स्टेटमेंट आलं त्यात विक्री एक प्रत. एक! पावत्या पाठवल्यावर आधी 'सिस्टिम अपडेट होतेय', नंतर उत्तरच नाही. ज्यांचं पुस्तक अशा ठिकाणी आहे त्यांनी हे जरूर करून बघा, ओळखीच्यांना घ्यायला सांगा आणि पावत्या ठेवा, कारण विक्रीचा आकडा त्यांच्या डॅशबोर्डवर ते देतील तोच, अमेझॉनवरच्या खऱ्या अकाउंटचा पासवर्ड लेखकाकडे नसतो.

आणि करार. इंग्रजीत, पीडीएफ, फोनवर आलेला ओटीपी सांगितला की सही झाली. काकांना फोनवर सांगितलं होतं की हक्क तुमचेच राहतील. मी वाचला तर त्यात छापील, ईबुक, ऑडिओ, भाषांतर, सगळे हक्क सगळ्या देशांसाठी कॉपीराइट संपेपर्यंत त्यांना दिलेले, वाद झाला तर लवाद दिल्लीत, आणि पुस्तक परत हवं असलं तर 'फाइल रिलीज' म्हणून २५,०००. म्हणजे वाड्यावरच्या बायकांनी आज्यांकडून शिकलेली गाणी, ती कुणाच्या बापाची नाहीत, ती हे लोक लिहून घेतात!

आम्ही पणजीत वकिलांना दाखवला. त्यांनी समजावलं की कॉपीराइटचं हस्तांतर लेखी लागतं, १९५७ च्या कायद्यानुसार करारात मुदत लिहिलेलीच नसली तर ती ५ वर्षं धरतात आणि देश लिहिलेला नसला तर फक्त भारत. आमच्या करारात दोन्ही लिहून घेतलंय, पण घेतलेला हक्क वर्षभरात वापरलाच नाही तर तो परत येऊ शकतो, करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल तर. ऑडिओ आणि भाषांतराचं आम्ही त्या मुद्द्यावर लावून धरणार आहोत. दुसरं, 'आयएसबीएन आमचा आहे, तुम्ही दुसरीकडे छापू शकत नाही' ही जी धमकी देतात ती साफ खोटी. तो नंबर फक्त त्या आवृत्तीची ओळख असतो, त्याचा मालकीशी संबंध नाही, नवीन आवृत्तीला नवीन नंबर घ्यायचाच असतो. छापता येईल की नाही ते करार ठरवतो, म्हणून वाचायचा तो करार.

पैसे नुकतेच गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, रक्कम खात्यात अडवता येते ती पहिल्या काही तासांतच. आमचं ते हुकलं. सायबरक्राईम पोर्टलवर तक्रार घातली, रायबंदरच्या सायबर पोलीस ठाण्यात कागद नेऊन दिले. ग्राहक आयोगाचं २०१९ च्या कायद्याने सोपं झालंय, आपण राहतो तिथल्या आयोगाकडे जाता येतं, दिल्लीला जायला नको, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. काय कसं करायचं ते १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर विचारता येतं. व्हॉट्सॲप चॅट, कॉलची तारीख-वेळ, यूपीआयचे नंबर काही डिलीट करू नका, आमची केस त्यावरच उभी आहे.

म्हापशाच्या ओळखीच्या प्रेसवाल्याला ते पुस्तक दाखवलं, तो म्हणाला एवढ्या पानांची प्रत थोडक्याच छापल्या तरी शंभर रुपयांच्या आसपास पडते. काकांना 'लेखक सवलतीत' तीच तीनशेला देत होते. काकीच्या मूळ वह्या घरी आहेत त्या आम्ही स्कॅन करायला घेतल्यात. कुणाकडे अशाच जाहिरातीचे मेसेज किंवा करार असतील तर मला पाठवा, वकील म्हणतात तक्रारदार जास्त असले तर आयोगापुढे एकत्र जाता येईल.