दिवाळीत घेतलेलं कन्सोल, एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरून

गेल्या दिवाळीत घरात कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र, आलं. ग्राफिक्स, गेम, लोडिंगचा वेग यावर लिहिणारे भरपूर आहेत आणि त्या बाबतीत माझी काहीच तक्रार नाही. खेळायला मजा येते, घरातले सगळे खेळतात. मला लिहायचंय ते यंत्राबद्दल : काय तापलं, काय झिजलं, काय दुरुस्त करावं लागलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझ्याकडे त्रास देणारे भाग जवळपास सगळ्याच कंपन्यांच्या कन्सोलमध्ये त्याच तऱ्हेचे असतात. ‘आपलं तर दुसऱ्या कंपनीचं’ म्हणून कुणी पुढे जावं, असं मला वाटत नाही.

घर अकोल्यात. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो. आता सोनीच्या प्लेस्टेशन ५ या कन्सोलच्या पुस्तिकेत यंत्र चालवायचं तापमान ५ ते ३५ अंश सेल्सिअस दिलेलं आहे. म्हणजे वऱ्हाडातल्या दुपारी, एसी नसलेल्या खोलीत, यंत्र सुरू करण्याआधीच आपण कंपनीने आखलेल्या मर्यादेबाहेर असतो. दुकानात हे कुणी सांगत नाही आणि खोक्यावरही ठळक लिहिलेलं नसतं.

तापण्याबद्दल आधी सविस्तर लिहितो, कारण कन्सोलच्या इतिहासातला सगळ्यात महागडा बिघाड त्यातूनच झालाय. मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स ३६० हे कन्सोल अमेरिकेत नोव्हेंबर २००५ मध्ये आलं, भारतात २००६ मध्ये. थोड्याच काळात जगभरातून एकच तक्रार यायला लागली : पुढच्या बटणाभोवती तीन लाल दिवे आणि पडदा कोरा. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने या दोषासाठी वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यासाठी १०० कोटी डॉलरपेक्षा जास्त रक्कम बाजूला काढली. तेव्हा एक्सबॉक्सचा कारभार पाहणारे पीटर मूर यांनी पुढे मुलाखतीत सांगितलंय की त्यांनी ११५ कोटी डॉलरचा आकडा मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांच्यापुढे ठेवला आणि बाल्मरनी लगेच होकार दिला. कंपनीने तेव्हा जबाबदारी घेतली, याचं मला आजही कौतुक वाटतं.

पण कारण काय होतं? ‘फार तापायचं’ हे उत्तर अर्धवट आहे. कंपनीने २०२१ मध्ये एक्सबॉक्सच्या इतिहासावर माहितीपट काढला, त्यात तिच्याच अभियंत्यांनी सांगितलं की दोष चिपच्या आतल्या जोडण्यांमध्ये होता. चिप तापते तेव्हा फुगते, बंद केल्यावर निवून आकसते. चिप, तिच्याखालची पट्टी आणि बोर्ड हे तिन्ही सारख्या प्रमाणात फुगत नाहीत. मधले सोल्डरचे, म्हणजे जोडणाऱ्या धातूचे, बारीक ठिपके प्रत्येक वेळी ताणले जातात आणि शेवटी तडकतात. एकदा खूप तापल्यामुळे नाही, रोज तापून-निवून, तापून-निवून यंत्र मरतं.

हे समजल्यावर दोन गोष्टी लख्ख दिसतात. पहिली : त्या काळी लोक कन्सोल टॉवेलमध्ये गुंडाळून मुद्दाम तापवायचे आणि ते खरोखर सुरू व्हायचं, पण काही दिवसांपुरतंच. आपल्याकडे हीट गन मारून ‘चिप बसवून देतो’ म्हणणारे आजही आहेत. तडकलेला सांधा उष्णतेने क्षणभर टेकतो, जुळत नाही. त्या दुरुस्तीला पैसे देऊ नका. दुसरी गोष्ट आपल्या गावांची आहे. लोडशेडिंगमध्ये खेळता खेळता वीज जाते तेव्हा चिप पूर्ण तापलेली असते आणि पंखा मात्र एकदम थांबतो. आत कोंडलेली उष्णता बाहेर काढायला कुणी नाही. दहा मिनिटांनी वीज येते, आपण परत सुरू करतो, परत जाते. ज्या चक्राने ते जुनं यंत्र मारलं, तेच चक्र आपण एका संध्याकाळी अनेकदा फिरवतो. शिवाय गेम सेव्ह होत असताना वीज गेली तर फाइल खराब होते ती वेगळीच.

म्हणून माझा पहिला ठाम सल्ला यूपीएसचा आहे. या पिढीतली मोठी कन्सोलं जड गेम चालवताना २०० वॅटच्या आसपास वीज घेतात. कॉम्प्युटरला लावतात तो ६०० व्हीएचा छोटा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. टीव्ही त्यावर न घालता फक्त कन्सोल घातलं तर सेव्ह करून नीट बंद करण्याइतका वेळ आरामात मिळतो. टीव्ही बंद पडल्यावर दिसत नाही म्हणाल, तर कंट्रोलरचं बटण दाबून विश्रांती मोडमध्ये टाकायची सवय हाताला होते.

उन्हाळ्यातली आमची दुसरी अडचण म्हणजे कूलर. विदर्भात कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही, आणि कूलरची हवा थंड असली तरी ओली असते. पॅड जुनं झालं की पाण्याचे तुषारही उडतात, आणि बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर जिथे तिथे बसतो. सुरुवातीला घरच्यांचं म्हणणं होतं की कन्सोल कूलरच्या झोतात ठेवावं म्हणजे गार राहील. मी ते अजिबात होऊ दिलं नाही. कन्सोल बाजूच्या भिंतीला, उघड्या फळीवर, मागे वीतभर जागा सोडून ठेवलं. टीव्हीखालच्या काचेच्या कपाटात ते कधीच कोंडू नका. एप्रिलपासून दुपारचं खेळणं बंद करून रात्री उशिरावर नेलं. पुतण्या नाराज झाला, पण पंख्याच्या आवाजातला फरक त्याला स्वतःलाच ऐकू आला.

धुळीबद्दल कितीही लिहिलं तरी कमीच. माझ्या कन्सोलचं बाहेरचं आवरण स्क्रू न काढता निघतं, हे या रचनेतलं मला सगळ्यात आवडलेलं काम. प्लेस्टेशन ५ मध्ये तर धूळ साठायला दोन वेगळे खळगे दिलेत, ते व्हॅक्यूम क्लीनरने बाहेरूनच साफ होतात. मी महिन्याआड आवरण काढून मऊ ब्रशने पंखा साफ करतो. ब्लोअर वापरणार असाल तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. ते भन्नाट फिरलं तर बेअरिंग तर खराब होतंच, पण मोटर उलट वीज बोर्डाकडे ढकलू शकते. शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो होतो, तेव्हा तो कुणाचं तरी जुनं कन्सोल उघडून बसला होता. मला आत दाखवत म्हणाला, “पाहा भाऊ, याच्यात तर कापूस पिकला.” हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या, पट्ट्यांमधून खरंच पांढरी गादी निघाली. त्याने आणखी एक सांगितलं, की त्याच्याकडे येणाऱ्या यंत्रांत मेलेली झुरळं नेहमी सापडतात. उबदार, अंधारी, जाळीदार जागा त्यांना आवडते आणि पॉवर सप्लायवर ती चिकटून शॉर्ट होतं. स्वयंपाकघराला लागून टीव्ही असेल त्यांनी हे मनावर घ्यावं.

एवढी काळजी घेतल्यावर मुख्य यंत्राने मला एकदाही दगा दिला नाही. बिघडला तो कंट्रोलर.

होळीच्या सुमारास पुतण्या म्हणाला, “काका, मी काही दाबलंच नाही, तरी हा आपोआप डावीकडे पळतोय.” हाच तो ड्रिफ्ट. बहुतेक कंट्रोलरच्या स्टिकखाली (अंगठ्याने हलवायची दांडी) पोटेन्शिओमीटर असतो, म्हणजे कार्बनची पट्टी आणि तिच्यावर घासणारं धातूचं टोक. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात हेच असायचं आणि तेही झिजून खरखर करायचं. घासून घासून पट्टी झिजते, कचरा साठतो, स्टिक मधोमध असूनही यंत्राला ती कलल्यासारखी वाटते. दुरुस्तीची माहिती देणाऱ्या आयफिक्सिटने प्लेस्टेशन ५ चा कंट्रोलर उघडून त्यातल्या अल्प्स कंपनीच्या स्टिकचा हिशेब मांडला होता. भागाच्या माहितीपत्रात दिलेलं आयुष्य २० लाख फेऱ्यांचं. धावपळीच्या गेममध्ये ते साधारण ४१७ तासांत ओलांडलं जाऊ शकतं. रोज दोन तास खेळणाऱ्या घरात हे वर्षभराचंही आयुष्य नाही.

निन्टेन्डोच्या स्विचचं प्रकरण यात सगळ्यात गाजलं. २०१७ मध्ये आलेल्या त्या यंत्राच्या जॉयकॉन या कंट्रोलरमधल्या ड्रिफ्टवरून जुलै २०१९ मध्ये अमेरिकेत सामूहिक दावा दाखल झाला आणि जून २०२० मध्ये कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल माफी मागितली. अमेरिकेत मोफत दुरुस्ती सुरू झाली. पण स्विच भारतात कंपनीने अधिकृतपणे विकलंच नाही. इथे जे आहेत ते बाहेरून आणलेले. त्यांना त्या माफीचा आणि त्या मोफत दुरुस्तीचा उपयोग शून्य.

माझं वॉरंटीतलं प्रकरण असं झालं. सेवा केंद्र दुसऱ्या शहरात. कंट्रोलर स्वतःच्या खर्चाने कुरिअर केला. बरेच दिवस वाट पाहून तो परत आला, सोबत कागद : ‘तपासणीत दोष आढळला नाही.’ घरी लावला, गेममधला माणूस पुन्हा डावीकडे. मला खरोखर संताप आला. ड्रिफ्ट कधी असतो, कधी नसतो, टेबलावर पाच मिनिटं पाहून तो दिसेलच असं नाही, हे सेवा केंद्रातल्या माणसाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. तेव्हा पाठवण्याआधी सेटिंगमधल्या इनपुट चाचणीचा व्हिडिओ काढा, त्यात कंट्रोलरचा अनुक्रमांक दिसू द्या आणि तो ईमेलने आधी पाठवा. बोलण्यापेक्षा त्याला वजन येतं. डेडझोन, म्हणजे स्टिक थोडी हलली तरी दुर्लक्ष करायची मर्यादा, वाढवून ड्रिफ्ट लपतो, पण नेम धरायचा गेम मग सपक होतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा थोडे दिवस पुरतो.

शेवटी वॉरंटीवर पाणी सोडून त्या दुरुस्तीवाल्याकडून दोन्ही स्टिक बदलून घेतल्या आणि हॉल इफेक्टवाल्या बसवल्या. यात घासणारं काहीच नाही. स्टिकला चुंबक असतो, खालचा सेन्सर त्याचं क्षेत्र मोजतो. कल्पना नवी नाही, १९९८ च्या सेगा ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये हेच तंत्र होतं. म्हणजे झिजेवरचा उपाय पंचवीसहून जास्त वर्षांपूर्वीच दुकानात मिळत होता आणि आजच्या महागड्या कंट्रोलरमध्ये घासणारी पट्टीच घातली जाते. याचं समर्थन मला कुठल्याही बाजूने करता येत नाही. सगळा खर्च नव्या कंट्रोलरच्या पाव किमतीपेक्षा कमी आला. मात्र जुनी स्टिक काढायला बोर्डावरचे डझनभर सांधे वितळवावे लागतात आणि नंतर कॅलिब्रेशन करावं लागतं, म्हणजे स्टिकचा मध्य नव्याने जुळवावा लागतो, त्यामुळे हात बसलेल्या माणसाकडेच द्या. तेव्हापासून तो कंट्रोलर सरळ चालतो.

डिस्क ड्राइव्हने त्रास दिला नाही, पण त्याची भीती आहे ती वेगळ्या कारणाने. पहिल्या प्लेस्टेशनची लेझर पॉवर सप्लायजवळ होती, सुरुवातीच्या यंत्रांत ती इतकी बिनसायची की लोक यंत्र उलटं ठेवून खेळत. पण लेझर बदलली की काम भागायचं. मूळ प्लेस्टेशन ५ मध्ये ड्राइव्हचा बोर्ड त्या एकाच मदरबोर्डशी जुळवलेला असतो. दुसऱ्या यंत्राचा चांगला ड्राइव्ह आणून लावला तर डिस्क चालत नाही. अमेरिकेत ऑक्टोबर २०२१ मध्ये कन्सोलचा ड्राइव्ह दुरुस्त करण्यासाठी असं कुलूप उघडायला कायद्याने सवलत द्यावी लागली, यावरून काय ते समजा.

पावसाळ्यात फार काही घडलं नाही. कोंदट दिवसांत रोज नाही तरी आठवड्यातून थोडा वेळ यंत्र चालू ठेवलं, एवढंच. विजा चमकत असताना मात्र प्लगसोबत एचडीएमआय आणि केबलच्या इंटरनेटची तारही काढतो. काढताना सरळ ओढायची, वाकवायची नाही. एचडीएमआयचा पोर्ट थेट मदरबोर्डावर जोडलेला असतो आणि दुरुस्तीवाल्याच्या सांगण्याप्रमाणे घर बदलल्यानंतर त्याच्याकडे सगळ्यात जास्त तेच काम येतं.

जुनं कन्सोल घेणार असाल तर विकणाऱ्याच्या घरी जाऊन, यंत्र थंड असताना सुरू करा आणि जड गेम अर्धा तास तरी चालवा. पंखा शेवटी शेवटी किंचाळत असेल तर चिपची उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकली आहे किंवा आत धूळ आहे, तेवढी किंमत कमी करा. एचडीएमआयची तार हळूच हलवून चित्र जातं का पाहा. आवरणाचे स्क्रू खरवडलेले दिसले तर कोणी उघडलं, कशासाठी, हे विचारा. प्लेस्टेशन ४ असेल तर सिस्टिम सॉफ्टवेअर ९.०० किंवा त्यापुढचं आहे ना बघा. त्याआधी आतली घड्याळाची छोटी बॅटरी संपली आणि सोनीच्या सर्व्हरशी संपर्क झाला नाही, तर गेमच उघडत नसत. सप्टेंबर २०२१ च्या त्या अपडेटनंतर ही अडचण मोठ्या प्रमाणात दूर झाली.

तर घ्यावं का? घ्या. मी आजही घेईन. पण कन्सोलच्या किमतीत यूपीएस धरा आणि दर एक-दोन वर्षांनी एक कंट्रोलर किंवा त्याच्या स्टिक धरा. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं, वाहनं आहेत. कन्सोल बनवणाऱ्या कंपन्यांनीही तिथे यावं, असं मला मनापासून वाटतं. स्टिकचं मॉड्यूल, पंखा, एचडीएमआय पोर्ट आणि ड्राइव्ह हे चार भाग त्यांनी ठरलेल्या किमतीला भारतात विकायला ठेवावेत, आणि ड्राइव्हसोबत तो जुळवून घेण्याची सोयही द्यावी.