डिक्सनचे चमचे-काटे आणि चहादाणी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहराचा जुना चांदीसारखा माल घासायला घेण्याआधी पालथा करून शिक्का वाचावा. जेम्स डिक्सन अँड सन्स या घराण्याचा धंदा १८०६ मध्ये सुरू झाला. डॉन नदीकाठच्या कॉर्निश प्लेस कारखान्यात ते मुख्यतः ब्रिटानिया मेटलच्या वस्तू बनवत: बरंचसं कथील, थोडं अँटिमनी, किंचित तांबं. १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टननी विजेने चांदीचा मुलामा देण्याचं पेटंट घेतलं आणि पुढे डिक्सनही मुलाम्याकडे वळले. त्यामुळे डिक्सनचा तुतारीचा एकच शिक्का दोन अगदी वेगळ्या धातूंवर सापडतो.

चमच्यांवर 'ईपीएनएस' (विजेने मुलामा दिलेलं निकेल सिल्व्हर) आहे, म्हणजे आत आपलं जर्मन सिल्व्हर: तांबं, निकेल, जस्त. रोजच्या वापरात ते वाकले नाहीत. मुलामा झिजलाय तो चमच्याच्या खोलगट भागाच्या पाठीवर, ताटाला टेकतो तिथे. आतला पिवळसर राखाडी धातू दिसतो. चहादाणी 'ईपीबीएम', म्हणजे मुलामा दिलेलं ब्रिटानिया मेटल. ती गॅसवर ठेवायची नाही. २५० अंशांच्या आसपास बूडच वितळेल. पोचाही पटकन येतो. भरीव चांदी हवी असेल तर शिक्क्यांत चालता सिंह शोधा; ती इंग्लंडमधली खऱ्या चांदीची खूण. शेफिल्डच्या मालावर त्याच्या जोडीला १९७४ पर्यंत मुकुट, पुढे गुलाब.

अंडं, कांदा, हिंग लागलं की चमचा काळवंडतो, कारण गंधक. काचेच्या भांड्यात अॅल्युमिनियम फॉइल अंथरा, चमचे त्याला टेकवून ठेवा, लिटरभर कढत पाणी ओता, मोठा चमचा धुण्याचा सोडा घाला. दोन-तीन मिनिटं पुरतात. सडक्या अंड्यासारखा वास आला तर समजा काम होतंय. यात काळ्या थरातली चांदी परत चांदी होते. पॉलिशने घासली की ती फडक्यावर जाते. मात्र नक्षीतली मुद्दाम राखलेली काळी छटाही या उपायाने उडते. चिंच-मीठ पितळेला ठीक, इथे नको. टूथपेस्टने चरे पडतात.

सुऱ्या निराशा करतात. पोकळ मुठीत राळेसारखं भरण असतं; गरम पाण्यात बुडवलं की ते मऊ होऊन पातं डुगडुगतं. पातं गंजत असेल तर ते साधं पोलाद. न गंजणारं स्टेनलेस पोलाद शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये बनवलं. डिशवॉशरमध्ये यातलं काहीच घालू नये.

ठेवताना रबरबँड, लोकर, वर्तमानपत्र टाळा. जुन्या धुतलेल्या सुती धोतराचा तुकडा उत्तम.