गिनी पिग एकटा ठेवावा की जोडीने? सीमाभागातील घरांसाठी एक तुलना

मुलांच्या हट्टापायी आणलेले गिनी पिगचे पिल्लू रुळले, की घरात एक प्रश्न हमखास निघतो: याला जोडीदार आणावा, की आपली सोबत पुरेशी आहे? माझे मत सुरुवातीलाच नोंदवतो. बहुतेक गिनी पिगना आपल्या जातीची सोबत लागतेच. परंतु न जुळणारी जोडी एकटेपणाहूनही वाईट ठरते, म्हणून दुसरा कोणता आणावा आणि दोन आपल्याला झेपतील का, याचाच विचार अधिक करावा लागतो.

हा प्राणी दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या प्रदेशात हजारो वर्षांपूर्वी माणसाळला. त्याचे रानटी भाऊबंद आजही एक नर आणि काही माद्या अशा लहान गटांत राहतात. गटात एकाने धोक्याची चाहूल दिली की बाकीचे सावध होतात. एकट्या प्राण्याला ही राखण रात्रंदिवस स्वतःच करावी लागते. स्वित्झर्लंडमध्ये २००८ साली लागू झालेल्या प्राणिसंरक्षण नियमांनुसार तर गिनी पिग एकटा पाळण्यास मनाई आहे. आपल्याकडे असा नियम नसला, तरी त्यामागचे कारण बेळगावातही तेच राहते.

एकटा ठेवण्याच्या बाजूने दोन-तीन गोष्टी प्रामाणिकपणे मांडल्या पाहिजेत. खर्च आणि जागा कमी लागते, माणसांशी त्याची सलगी लवकर होते आणि त्याने खाणे सोडले तर ते लगेच ध्यानात येते. शेवटचा मुद्दा किरकोळ नाही, कारण बारा तासांहून अधिक काळ उपाशी राहिलेल्या गिनी पिगचे पचन बिघडून जिवावर बेतू शकते, आणि जोडीत कोण जेवले नाही हे कळत नाही. मात्र स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर दर आठवड्याला दोघांचे वजन करून वहीत लिहिले, तर ही अडचण पुष्कळशी दूर होते. पन्नास ग्रॅमहून अधिक घट दिसली, तर डॉक्टरांकडे न्यावे. माणसाच्या सोबतीविषयी मात्र आपण स्वतःची समजूत घालत असतो. शाळा आणि कचेऱ्यांमुळे घर दिवसभर रिकामे असते, आणि हा प्राणी तर दिवसा व रात्री थोड्याथोड्या वेळाने जागा होतो. आरसा किंवा कापडी खेळणे हा सोबतीला पर्याय नव्हे.

जोडी ठरलीच, तर दोन माद्या हा सर्वांत सोपा मार्ग आहे. दोन नरही नांदतात, विशेषतः एकाच वेतातील भाऊ किंवा एक प्रौढ नर व एक पिल्लू. परंतु वयात येण्याच्या काळात त्यांच्यात खटके उडतात, जागा अधिक लागते आणि मादीचा वासदेखील आसपास नसावा लागतो. खच्ची केलेला नर आणि मादी ही जोडी स्वभावाने उत्तम जुळते, मात्र शस्त्रक्रियेनंतरही सुमारे सहा आठवडे नराला मादीपासून वेगळे ठेवावे. आपल्या भागातील पशुवैद्यांचा हात मुख्यतः गाई-म्हशींवर आणि कुत्र्यांवर बसलेला असतो. तेव्हा इतक्या लहान प्राण्याला भूल देण्याचा अनुभव आहे का, हे विचारूनच निर्णय घ्यावा.

खच्ची न केलेला नर आणि मादी एकत्र ठेवणे मी साफ नाकारतो. मादी चार ते सहा आठवड्यांतच वयात येऊ शकते, गर्भकाळ ५९ ते ७२ दिवसांचा असतो आणि व्यायल्यावर काही तासांतच ती पुन्हा गाभण राहू शकते. शिवाय सहा-आठ महिन्यांच्या वयानंतर पहिल्यांदाच गाभण राहिलेल्या मादीच्या ओटीपोटाचे सांधे पुरेसे न सुटल्याने बाळंतपणात तिचा जीव जाऊ शकतो. ‘एकदाच पिल्ले होऊ द्या’ ही हौस म्हणूनच महागात पडते. दुकानदाराने ‘दोन्ही माद्याच आहेत’ असे छातीठोकपणे सांगितले, तरी पशुवैद्याकडून खात्री करून घ्यावी. लहान पिल्लांत नर-मादी ओळखण्यात चूक सहज होते.

सशाची सोबत हा पर्यायच नव्हे. सशाच्या लाथेने इजा होते, निरोगी दिसणाऱ्या सशाकडूनही गिनी पिगला श्वसनाचा घातक आजार लागू शकतो आणि सशाच्या खाद्यात गिनी पिगला रोज बाहेरून लागणारे क जीवनसत्त्व नसते.

आता झेपण्याचा हिशेब. दोघांना किमान साडेसात चौरस फूट, म्हणजे तीन फूट लांब आणि अडीच फूट रुंद अशी सपाट जागा हवी; जाळीच्या तळाचे पिंजरे पायांना जखमा करतात. वाळलेले गवत सतत समोर हवे, आणि कोथिंबीर, ढोबळी मिरची यांचा रोजचा वाटा दुप्पट होतो. भाजीपाल्याच्या या मुलखात ते फारसे जड जाऊ नये. हवामानाची काळजी अधिक आहे. सत्तावीस अंशांच्या वर गिनी पिगला उष्णतेचा त्रास सुरू होऊ शकतो. बेळगाव शहराच्या उंचीमुळे संध्याकाळी दिलासा मिळतो, पण अथणी-चिकोडीकडे एप्रिलमध्ये पत्र्याखालची खोली मुळीच चालणार नाही. खानापूरच्या पावसात उलट गवताला बुरशी येते आणि दोघांचे अंथरूण दुप्पट वेगाने ओले होते.

नवा प्राणी आणल्यावर दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावा. मग दोघांनाही अनोळखी अशा जागेत पाल्याचा मोठा ढीग पसरून त्यांना एकत्र सोडावे. लपण्यासाठी ठेवलेल्या खोक्यांना दोन तोंडे असावीत, म्हणजे कोणी कोणाला कोंडीत पकडणार नाही. घुरघुरत मागचे अंग डुलवणे, पाठलाग करणे, अंगावर चढणे हे सारे वर्चस्व ठरवण्याचे प्रकार असून त्यात मध्ये पडू नये. केस फुलवून दात सतत कटकट वाजवणे हा इशारा समजावा, आणि रक्त निघाले तर जाड टॉवेल टाकून दोघांना वेगळे करावे, उघडा हात घालू नये. वारंवार रक्त निघत असेल, तर जाळीच्या आडोशाने शेजारी-शेजारी ठेवणे हा समंजस तोडगा आहे. वास आणि आवाज मिळत राहतो, जखमा टळतात. वर्षानुवर्षे एकट्या राहिलेल्या म्हाताऱ्या प्राण्यासाठी मी याच तोडग्यापासून सुरुवात करीन.

गिनी पिग साधारण पाच ते आठ वर्षे जगतात, त्यामुळे जोडीतील एक आधी जाणार, हेही आजच धरून चालावे. तेव्हा पुन्हा नवे पिल्लू आणून ही साखळी चालू ठेवायची नसेल, तर टिळकवाडीत असो वा निपाणीत, ज्या घरी असाच एक एकटा उरला असेल त्यांच्याशी बोलून दोघांना एकत्र आणता येते.