छोट्या चिपवर शेअर्ड पॉइंटर: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेले काही महिने ६४ केबी रॅमच्या एका कॉर्टेक्स-एम४ (छोटा ३२ बिटांचा प्रोसेसर) बोर्डावर, फ्रीआरटीओएस या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमसोबत, सी++ चा शेअर्ड पॉइंटर वापरून पाहिला; एकाच वस्तूचे किती हक्कदार आहेत हे तो मोजतो आणि शेवटचा हक्क सुटला की तिची मेमरी मोकळी करतो. सेन्सरचे रीडिंग फ्लॅशवर लिहिणारा, रेडिओवरून पाठवणारा आणि डिस्प्लेवर दाखवणारा असे तीन टास्क एकाच बफरवर हक्क सांगतात आणि त्यांपैकी शेवटी कोण मोकळा होईल हे आधी सांगता येत नाही. त्यामुळे २०११ च्या मानकात आलेली ही सोय इथे साजेशी वाटली.

छोट्या चिपवर शेअर्ड पॉइंटर फार मेमरी खातो ही नेहमीची ओरड मला थोडी अतिरंजित वाटते. ३२ बिटांच्या चिपवर एकच हक्कदार असलेला यूनिक पॉइंटर ४ बाइट घेतो आणि शेअर्ड ८. शिवाय जीसीसी या कंपायलरच्या लायब्ररीत सुमारे १६ बाइटांचा कंट्रोल ब्लॉक (हक्कदारांचा काउंट, म्हणजे मोजदाद, ठेवणारी जागा) हीपमधून, म्हणजे प्रोग्राम चालू असताना मागायच्या मेमरीतून, वेगळा मागावा लागतो. मेक शेअर्ड हे फंक्शन वापरले की वस्तू आणि कंट्रोल ब्लॉक या दोन्हींची जागा एकदमच मिळते, मात्र एखादा वीक पॉइंटर (हक्क न सांगता नुसता निर्देश करणारा) मागे राहिला तर डिस्ट्रक्टर, म्हणजे वस्तूची आवराआवर करणारे फंक्शन, चालून गेल्यावरही ती सगळी जागा अडकून राहते.

खरी मेख काउंटमध्ये आहे. काउंट अॅटॉमिक असतो, म्हणजे त्यातला बदल मध्येच तुटू शकत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. पण बेअर मेटलसाठीचे (पूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम नसलेल्या चिपसाठीचे) जीसीसी बहुधा थ्रेडविना, म्हणजे एका वेळी एकच काम चालते असे धरून, बांधलेले असते आणि तशा बांधणीत ही लायब्ररी काउंट साध्या बेरीज-वजाबाकीने सांभाळते. आमच्या कंपायलरची माहिती मागवली तेव्हा ‘थ्रेड मॉडेल: सिंगल’ ही ओळ दिसली, आणि डिसअसेम्ब्लीत (कंपायलरने बनवलेल्या मशीन-सूचनांच्या यादीत) एलडीआरईएक्स-एसटीआरईएक्स ही अॅटॉमिक बदलासाठीच्या सूचनांची जोडी कुठेच नव्हती; होते ते फक्त लोड, एकाची भर आणि स्टोअर. या तिन्हींच्या मध्येच शेड्युलरने टास्क बदलला, तर बफर कुणी वापरत असतानाच मोकळा होतो किंवा कधीच मोकळा होत नाही, आणि हा दोष दिवसचे दिवस दडून राहू शकतो.

म्हणून आता काउंट बफरच्याच आत, सी++ च्या स्टँडर्ड अॅटॉमिकमध्ये ठेवणारा इंट्रुझिव्ह पॉइंटर वापरतो. हँडल, म्हणजे प्रत्येक टास्ककडचा पॉइंटर, हेही ४ बाइटांवर आले. कॉर्टेक्स-एम० या साध्या प्रोसेसरवर मात्र एलडीआरईएक्स-एसटीआरईएक्स या सूचनाच नसल्याने तिथे इंटरप्ट (चालू काम थांबवणारे हार्डवेअरचे संकेत) क्षणभर बंद करण्यावाचून गत्यंतर नाही.

हक्क सर्वांत शेवटी सोडणाऱ्या टास्कच्याच माथी साफसफाई पडते, ही अडचण मात्र कोणत्याही प्रकारात टळत नाही. रेडिओचा टास्क वरच्या प्राधान्याचा असल्याने त्याच्या वेळेचे गणित यामुळे बिघडते, म्हणून तो आपले हँडल क्यूमधून (टास्कांमधल्या रांगेतून) खालच्या प्राधान्याच्या टास्ककडे सोपवतो. इंटरप्टमध्ये तर हँडल सोडण्यास आम्ही सरसकट मनाई केली आहे. ड्रायव्हर, टायमर, कॉन्फिगरेशन यांना यूनिक पॉइंटर किंवा साधा रेफरन्स पुरतो, आणि तिथे शेअर्ड दिसला की मी कोड रिव्ह्यूत कारण विचारतो.