जुन्या स्केटबोर्डची फळी, कोस्टर आणि हुक: आठ महिने आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

तीन डेक, म्हणजे स्केटबोर्डचे उभं राहायचे लाकडी पाट, तिन्ही रस्त्यावर झिजलेले, एकाचं शेपूट (मागचं टोक) फरशीवर घासून पातीसारखं झालेलं. त्यातून एक भिंतीवरची फळी, कपाखाली ठेवायचे चार कोस्टर, एक किल्ल्यांचा हुक आणि चाकांपासून ड्रॉवरच्या दोन मुठी. फेब्रुवारी ते सप्टेंबर मुंबईच्या हवेत रोजचा वापर. निकाल आधीच सांगून टाकतो: फळी उत्तम, हुक डोळे मिटून करावा, मुठींना एक उपाय लागतो आणि कोस्टर दिसायला सगळ्यांत देखणे असले तरी मेहनतीच्या मानाने निम्मेच वसूल.

आधी लाकूड. चांगला डेक म्हणजे हार्ड मेपलचे सात थर, एकेक साधारण दीड मिलिमीटरचा, एकूण जाडी दहा-अकरा मिलिमीटर. पाच थरांचे तंतू लांबीच्या दिशेने, दोघांचे आडवे. कडेला दिसणारे लाल, निळे, हिरवे पट्टे म्हणजे रंगवलेले थरच. खालच्या चित्राचा त्यांच्याशी संबंध नाही. चित्र वरून चिकटवलेला पातळ पापुद्रा असतो आणि घासताना पहिल्या मिनिटात जातो. खेळण्यांच्या दुकानातल्या स्वस्त बोर्डचं लाकूड बऱ्याचदा मऊ असतं, थरही बिनरंगी. त्यावर वेळ घालवू नका.

ग्रिप टेप, म्हणजे पाय घसरू नये म्हणून डेकवर चिकटवलेला खरखरीत कागद, काढल्याशिवाय एकही हत्यार लावायचं नाही. त्यावरची वाळू सिलिकॉन कार्बाइडची, म्हणजे पोलादापेक्षा कडक. करवतीचं नवं पातं एका डेकमध्ये बोथट होतं. हीट गन किंवा हेअर ड्रायरने एक टोक अर्धा मिनिट तापवा, पत्र्याच्या पट्टीने उचला आणि टेप जवळजवळ आडवी धरून सावकाश ओढा. सरळ वर खेचली की कागद हातात येतो आणि गोंद लाकडावर राहतो. उरलेला चिकटा टर्पेन्टाइनच्या फडक्याने निघतो. धूळ घशात बसते, मास्क हवाच.

आता कोस्टर, कारण खरी गोम इथे आहे. डेक कुठेच सपाट नसतो. रुंदीत तो परातीसारखा खोलगट असतो. म्हणून अरुंद पट्ट्या कापून, त्या कडेवर उभ्या करून, एकमेकींना चिकटवायच्या. हिशोब असा: दोन ट्रकच्या (चाकं धरणाऱ्या धातूच्या आसांच्या) भोकांमधला कामाचा भाग सुमारे 35 सेंटिमीटर, रुंदी 20. पट्टी 12 मिलिमीटरची, करवतीत आणि घासण्यात 3 गेले, म्हणजे 13 पट्ट्या. दोन्ही कडांच्या दोन-दोन पट्ट्या फार वाकड्या असतात, त्या बाद. उरल्या नऊ. प्रत्येकीचे 10 सेंटिमीटरचे तीन तुकडे, एकूण 27. घासल्यावर पट्टीची जाडी 10 मिलिमीटर उरते, म्हणजे एका कोस्टरला दहा तुकडे. एका डेकमधून दोनच कोस्टर! सहाचा संच हवा असेल तर तीन डेक लागतात.

टेबल सॉवर अख्खा डेक ढकलू नका. खोलगटपणामुळे तो डुगडुगतो, पातं अडकतं आणि लाकूड अंगावर उसळतं. बँडसॉ असेल तर उत्तम, नाहीतर जिगसॉने कापून कडा रंध्याने सरळ करायच्या.

चिकटवण्यातली एक चूक सगळ्यांची होते. पट्टीच्या मूळच्या वरच्या-खालच्या, म्हणजे आता एकमेकींना चिकटणाऱ्या बाजूंना रंगाचा आणि जुन्या गोंदाचा पातळ थर उरलेला असतो. तो 80 नंबरच्या पॉलिश पेपरने नागड्या लाकडापर्यंत घासला नाही, तर नवा गोंद लाकडाला न धरता रंगालाच धरतो. जोड आठवडाभर ठणठणीत वाटतो आणि पहिल्या दमट दिवशी नखाने उघडतो. चारपैकी एक कोस्टर असाच सुटला, आणि सुटलेल्या बाजूवर निळ्या रंगाची सलग चकती होती, गोंदाचा ठिपकाही लाकडात उतरला नव्हता. गोंद फेव्हिकॉल मरीन पुरतो. उन्हाळ्यात पाच-सात मिनिटांत ओढायला लागतो, म्हणून क्लॅम्प आधीच उघडे ठेवा. दाबताना पट्ट्या वर-खाली सरकतात. त्यांच्या वर आणि खाली पॅकिंग टेप गुंडाळलेली एकेक सरळ पट्टी घट्ट बांधली की ओळ हलत नाही. चोवीस तास दाबात ठेवा.

पावसाळ्यात काय झालं ते समजण्यासारखं आहे. जुलैत कोस्टरवरून नख फिरवलं की दर सेंटिमीटरला दोन बारीक चऱ्या लागायच्या. मे महिन्यात तोच पृष्ठभाग काचेसारखा होता. पट्टी कडेवर उभी केली की पाच थरांचे तंतू आडवे येतात आणि दोघांचे खाली-वर. लाकूड तंतूंच्या लांबीत जवळजवळ फुगत नाही, तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतं. म्हणजे पाच थर किंचित वर येतात आणि दोन थर जागच्या जागी, खाली. शिवाय त्या दोघांची कापलेली टोकंच वर उघडी असतात, पाणी पहिलं तीच पितात. हे चुकवता येत नाही, कमी करता येतं. दोन कोस्टरना पीयू (पॉलियुरेथेन वॉर्निश) लावलं होतं: पहिला हात निम्मं थिनर घालून, म्हणजे तो टोकांत मुरतो, नंतर दोन पातळ हात, मध्ये 320 ने घासून. दोघांना कच्चं जवसाचं तेल आणि मेण. पीयूवाले ठीक आहेत. तेलवाल्यांवर चहाच्या कपाची वर्तुळं पडली आणि ऑगस्टमध्ये बुरशीचे काळे ठिपके आले. कपापुरते कोस्टर चालतात. गरम पातेलं किंवा कुकर नको, उष्णतेने हा गोंद मऊ पडतो आणि जोड सरकतात.

टोकियोचा शिल्पकार हारोशी शेकडो डेक एकावर एक रचून त्यातून आकृत्या कोरतो. डेक कितीही मिळाले तरी प्रत्येकाची वळणं वेगळी, म्हणून जुळणारे निवडावे लागतात. घरी दोन अख्खे डेक एकमेकांवर चिकटवायचा मोह झाला तर आधी ते कोरडेच ठेवून मध्ये कागद सरकवून पाहा. सरकला तर सोडून द्या.

फळीला यातलं काहीच लागत नाही. डेक कापायचा नाही, खोलगट बाजू वर, चित्र खाली. खालून बघणाऱ्याला तेच दिसतं. ट्रकची भोकं आडवी 41 आणि उभी 54 मिलिमीटर अंतरावर असतात. हार्डवेअरच्या दुकानातल्या एल-अँगलची भोकं त्याला जुळत नाहीत, अँगलला 41 च्या अंतराने साडेपाचचं नवं भोक पाडून घ्यावं लागतं. बोल्ट एम-5, 25 मिलिमीटर. भिंतीत 8 चा रावल प्लग आणि 50 चा स्क्रू. आठ-नऊ किलो पुस्तकं आठ महिने आहेत, वाक नाही. मात्र 80 सेंटिमीटरपैकी कामाची जागा 46 च, पुढे दोन्ही टोकं वर वळतात आणि पुस्तक तिरकं होतं. शोभेसाठी ग्रिप टेप तशीच ठेवायची कल्पना सुचेल. पुस्तकांच्या खालच्या कडा कुरतडल्या जातात.

हुकाला कोस्टरमधून उरलेलं डेकचं नाक, म्हणजे पुढचं वळलेलं टोक, वापरा. वरचं वळण किल्ल्या अडकायला आपसूक मिळतं. स्क्रूआधी भोक पाडा, मेपल त्याशिवाय चिरतं.

चाकाच्या मुठीला बेअरिंग 608 असतं, आतलं भोक बरोबर 8 मिलिमीटर, त्यामुळे साधा एम-8 बोल्ट बसतो. पण ड्रॉवर ओढताना मूठ हातात फिरते. नट कितीही आवळा, बोल्ट फक्त बेअरिंगची आतली कडी धरतो, बाहेरची मोकळीच. बेअरिंगच्या दोन कड्यांमधल्या फटीत एपॉक्सीचे दोन थेंब सोडले आणि रात्रभर ठेवलं की थांबते. पांढरी चाकं खिडकीजवळ लावू नका, उन्हात पिवळी पडतात. आमची एक ऑक्टोबरच्या आतच हस्तिदंती झाली आहे.