टॉर्शन बार घेताय? आधी उघड्या स्टीलवर व्हर्नियर लावलेला फोटो मागा

मंडळी, थोडं लांबलचक होणार आहे, पण ज्यांच्याकडे जुनी एअर कूल्ड पोर्शे ९११ आहे आणि टॉर्शन बार बदलायचा विचार चाललाय त्यांनी शेवटपर्यंत वाचा. मला ज्या पद्धतीने गंडवलं ती पद्धत भलतीच हुशार आहे आणि तो माणूस अजून बिनधास्त माल विकतोय.

माझी गाडी १९८५ ची कॅरेरा ३.२. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, या गाडीत कॉइल स्प्रिंग नसतात, पुढे दोन आणि मागे दोन अशा स्टीलच्या सळया, म्हणजेच टॉर्शन बार, असतात, एक टोक जागेवर घट्ट, दुसरं सस्पेन्शनच्या आर्मला, चाक वर गेलं की सळईला पीळ बसतो आणि तो पीळच स्प्रिंगचं काम करतो. फर्डिनांड पोर्शेच्या ऑफिसने १९३१ मध्ये याच्या पेटंटचा अर्ज केला होता, बीटलमध्ये हेच आलं आणि ९११ मध्येही पार ९६४ (९११ चीच पुढची पिढी) येईपर्यंत हेच राहिलं. माझ्या गाडीला कंपनीचे बार पुढे १८.८ मिमी आणि मागे २४ मिमी. रस्ता आणि अधूनमधून ट्रॅक असा वापर असेल तर बरेच जण पुढे २१ मागे २७ टाकतात, मलाही तेच हवं होतं.

विकणाऱ्याला फोन केला तर पहिलंच वाक्य, "सर २१/२७ कशाला, २२/२८ घ्या, एक एक मिलिमीटरने काय होतंय." टायर कोणते विचारलं नाही, शॉकअप कोणते आहेत, अँटी रोल बार बदललेत का, गाडीतून सीट वगैरे काढून वजन कमी केलंय का, काही म्हणजे काही नाही. खरं तर एका मिलिमीटरने खूप काही होतं, कारण बारचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. १८.८ वरून २१ म्हणजे जाडी १२ टक्के वाढली पण कडकपणा ५५ टक्क्यांच्या वर गेला, मागे २४ वरून २७ केलं की ६० टक्के, आणि २८ केलं तर ८५. जुने दमलेले शॉकअप तसेच ठेवून हे केलं तर गाडी प्रत्येक उंचवट्यावर उड्या मारत बसते, आणि मग लोक बारला शिव्या घालतात. मी २१/२७ वरच अडून बसलो, तो म्हणाला ठीक आहे सर तुमची मर्जी. पैसे आधी पूर्ण घेतले.

पार्सल आलं, चारही बार काळ्या स्लीव्हमध्ये, म्हणजे घट्ट नळीसारख्या आवरणात, दोन्ही टोकांना फक्त स्प्लाइनचे दाते उघडे आणि त्यावर ताजा रंग. सोबत चिठ्ठी, स्लीव्ह कापू नये, बारला ओरखडा गेल्यास तुटण्याचा धोका, स्लीव्ह काढल्यास वॉरंटी रद्द.

आता यातली गंमत बघा. ओरखड्याची गोष्ट शंभर टक्के खरी आहे. टॉर्शन बारला सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या पृष्ठभागावर असतो, तिथे साधा ओरखडा किंवा गंजाचा बारीक खड्डा पडला तरी तिथून चीर सुरू होते आणि एक दिवस बार तुटतो, म्हणून रंग शाबूत ठेवायचा असतो हे कुठलाही जाणकार सांगेल. या पठ्ठ्याने तेच खरं ज्ञान कुलूप म्हणून वापरलं. मोजायचं तर स्लीव्ह कापा, कापली की वॉरंटी गेली. स्लीव्हवरून व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावला तर बरोब्बर २७! जाहिरातीतल्या फोटोतही व्हर्नियर स्लीव्हवरच लावलेला आहे, आता परत बघितल्यावर कळतंय.

बार बसवले. पुढे काही जाणवलं नाही आणि जाणवणारही नव्हतं, कारण ९११ ला पुढची उंची अ‍ॅडजस्टिंग स्क्रूने वरखाली करता येते, बार कसाही असो स्क्रू फिरवला की गाडी हव्या त्या उंचीला उभी राहते. पितळ उघडं पडलं ते मागे. मागे स्प्रिंग प्लेट (बारच्या बाहेरच्या टोकाला बसणारी आर्मची पट्टी) मोकळी लोंबकळत असताना तिचा कोन किती ठेवायचा हे बारच्या जाडीवरून काढतात. जाड बारला तेवढ्याच वजनाखाली पीळ कमी बसतो म्हणून कोनही कमी ठेवायचा. माझ्या मेकॅनिकने जुने बार काढायच्या आधीच कोन आणि उंची दोन्ही लिहून ठेवले होते, २७ चा हिशोब करून नवा कोन लावला, गाडी खाली उतरवली आणि मागचा भाग बसला तो बसलाच. टायर आणि फेंडरच्या मधे बोट जाईना.

विकणाऱ्याला फोन. म्हणे नवीन बार आहेत सर, सेटल होतील, चालवा थोडी. अहो सेटल होतात म्हणजे खाली बसतात ना, वर कुठे जातात! आणि चांगले बार बनवतानाच पिळून प्रीसेट केलेले असतात, नंतर बसले तरी थोडेच बसतात. मग म्हणाला तुमच्या मेकॅनिकने दाते चुकीचे लावले असणार. या बारला आतल्या टोकाला ४० दाते आणि बाहेरच्या टोकाला ४४, म्हणजे आत एक दाता सरकवला की ९ अंश आणि बाहेर एक सरकवला की साधारण ८.२, दोन्ही उलटसुलट सरकवून एका अंशाहून कमी फरकाने कोन जुळवता येतो, आणि आमच्या माणसाने अँगल मीटर लावून दोन्ही बाजू तपासलेल्या होत्या. सगळं खोलून परत लावणं किती वैतागाचं काम आहे हे केलेल्यालाच माहीत, तरी त्याने ते केलं आणि एक डोकं लावलं. म्हणाला जुन्या बारला जो कोन होता तोच या बारांना देऊन बघू, हे खरंच २७ चे असतील तर मागचा भाग चांगलाच वर उभा राहिला पाहिजे. दिला कोन, गाडी उतरवली, पुढे मागे ढकलून टेप लावली. जुन्या बारवर जेवढी उंची होती तेवढीच, जवळपास मिलिमीटरला मिलिमीटर!

म्हणजे आत २४ चाच बार. हे स्लीव्ह न कापता सिद्ध झालं होतं, तरी आता व्हिडिओ चालू ठेवून कापली. ब्लेड उभं न लावता स्लीव्ह टोकाकडून उचलून कापली, स्टीलला धक्का नको म्हणून. आत दीड मिमी जाडीचं रबरासारखं आवरण, दोन थरांचं, त्याखाली जुना बार, गंजाचे खड्डे पुटीने भरलेले. व्हर्नियर २४ वर. वरून कीर्तन आतून तमाशा. पुढच्यांचीही तीच कथा, १८.८.

आणि खरा धोका तर अजून सांगायचाच आहे. हे बार डावे उजवे वेगळे असतात, प्रीसेट एकाच दिशेच्या पिळासाठी केलेला असतो आणि टोकावर एल किंवा आर कोरलेलं असतं. मागच्या एका बारच्या टोकावरचा रंग घासून काढला तर खाली ग्राइंडरने जुनं अक्षर पुसलेलं आणि शेजारी नवीन अक्षर ठोकलेलं दिसलं. म्हणजे वर्षानुवर्षं एका दिशेने पिळलेला, गंजलेला बार उलट्या दिशेला लावायला दिला होता. वेगात वळणावर असताना मागचा बार तुटला तर काय होईल याचा विचारच नको.

व्हिडिओ पाठवला तर साहेबांनी तिसरं कारण काढलं, "हे होलो बार आहेत सर, २७ च्या बरोबरीचे, म्हणून नंबर वेगळा दिसतो." चोराच्या उलट्या बोंबा! पोकळ बार असतात हे खरं, चांगलेही असतात. बाहेरून २८ आणि आत १४ चं भोक असेल तर वजन पाव भागाने कमी होतं आणि कडकपणा फक्त सहा टक्क्यांनी घटतो. पण म्हणूनच भरीव २७ ची बरोबरी करणारा पोकळ बार २७ पेक्षा जाड असावा लागतो, २४ चा कसा असेल? आणि मुळात याच्या बारला टोकाला भोकच नव्हतं. हे सांगितल्यावर, स्लीव्ह कापली ना, वॉरंटी संपली, म्हणाला आणि नंबर ब्लॉक.

पैशांसाठी तक्रार टाकली आहे, कोनाची नोंद, उंचीची नोंद आणि व्हिडिओ असं सगळं जोडून, निकाल यायचाय. तोवर गाडीत कंपनीचेच जुने बार परत बसवलेत. दुसऱ्या एकाशी बोलणं चालू आहे, त्याने बारचं नाव काढायच्या आधी टायर, शॉकअप आणि ट्रॅकवर किती जाता हे विचारलं, शॉकअप तसेच ठेवणार असाल तर एवढे जाड बार घेऊच नका म्हणाला, आणि न मागता उघड्या बारचे फोटो पाठवले, मधल्या भागावर व्हर्नियर लावून आणि दोन्ही टोकांवरची अक्षरं दिसतील असे.

तुम्हाला कोणी स्लीव्ह घातलेले बार दाखवले तर एवढं करा, जुना बार काढून दोन्ही काट्यावर ठेवा. २४ आणि २७ मध्ये मधल्या भागाचं वजन जवळपास सव्वापट व्हायला हवं, आणि रबराच्या थराने ते एवढं वाढत नाही. रंगाचं म्हणाल तर पावडर कोटिंगसुद्धा मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असतं, त्यामुळे "कोटिंगमुळे जाड दिसतोय" असं कोणी म्हणालं तर तिथेच फोन ठेवा.